सुगरणीच्या पेशींना आजार लागतो

तिच्या हातच्या जेवणाला घरी कुणी नावं ठेवत नसे, कारण नावं ठेवण्याइतकं कुणी ते खातच नसे. नवरा शिंपी. दुकान घराच्या खालीच. ती संध्याकाळी जिना चढायला लागली की तो शिलाईमशीन थांबवून ओरडायचा, "अगं, दमून आलीस, तू बस. मी टाकतो काहीतरी." यात माया किती आणि जिवाची काळजी किती, हे तिला संसाराच्या सुरुवातीलाच उमगलं होतं. आणि तरीही कामावर, मोठ्या बाईंपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत, सगळे तिला एकाच नावाने ओळखत: सुगरण.

कारण तिथे ती जेवू घालायची ते पेशींना.

विषाणूंवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती ती. सुगरण तिथे लागली काचेची भांडी धुवायला. बाटली धुतली की ती उजेडासमोर धरायची, एक डोळा मिटायची, आणि आत धुक्याएवढा डाग दिसला तरी बाटली पुन्हा पाण्याखाली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी हे चालताचालता पाहिलं आणि तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

"पेशी वाढवशील?"

"बाई, माझ्याकडे कुंडीतलं रोपसुद्धा टिकत नाही."

"रोपाचं सांगू नकोस. हात दाखव. थरथरत नाही ना? मग बस इथे."

बसली ती बसलीच. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात वाढतात. त्या पाण्यात साखर, क्षार, प्रथिनं, सगळं असतं. तेच त्यांचं अन्न. बाटल्या अंगाच्या उबेएवढ्या गरम कपाटात ठेवायच्या. पाणी पिवळट झालं की ओळखायचं, मंडळींना भूक लागली. जुनं काढून ताजं घालायचं. दाटी झाली की सोडवून दोन बाटल्यांत वाटायच्या. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. पण दुसऱ्यांच्या बाटल्यांत बुरशी यायची, पेशी रुसायच्या, रात्रीतून मान टाकायच्या. सुगरणीच्या बाटल्या मात्र लेकुरवाळ्या. सकाळी आल्याआल्या ती एकेक बाटली मायक्रोस्कोपखाली घ्यायची आणि विचारपूस करायची.

"काय गं, झोप झाली का? आणि ही कोण कोपऱ्यात? ये, पुढे ये."

हे ऐकून सगळ्यात जास्त हसायचा तो अर्धे डॉक्टर. म्हणजे त्याचा प्रबंध अर्धा लिहून झाला होता आणि उरलेला अर्धा कधी होईल हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिशीचा, उंच, दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेणारा. हे नाव त्याला सुगरणीनेच दिलं होतं.

"ताई, पेशींना कान नसतात."

"तुम्हाला आहेत ना? मग तुम्ही कुठे माझं ऐकता?"

तर अशी सगळी मजा चालली असताना यकृताच्या पेशी आल्या.

कोणा एका रुग्णाच्या यकृतातून काढलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत वाढत आलेल्या. त्यांना हिपॅटायटिस बीच्या विषाणूची लागण करायची होती. तो विषाणू फार चोखंदळ. उंदराकडे ढुंकून बघत नाही. माणूसच हवा, आणि माणसातही यकृतच हवं. म्हणून त्याच्यावरचं औषध शोधायचं तर आधी बाटलीतल्या यकृताला तो लागला पाहिजे. त्याने पेशीत शिरावं, घर करावं, आपली पिलावळ वाढवावी. मग औषध घालून बघायचं, अडतो का ते.

मोठ्या बाईंनी हे समजावलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. सुगरण मात्र हातमोजे काढायचे विसरून तशीच उभी राहिली.

"कुठला विषाणू म्हणालात?"

"हिपॅटायटिस बी. घाबरू नकोस, तुला लस दिलेली आहे."

"घाबरत नाही, बाई," ती म्हणाली. "ओळखीचा आहे."

तो तिच्या घरीच राहत होता. नवरा मित्रांबरोबर हौसेने रक्तदानाला गेला आणि हातात चिठ्ठी घेऊन परत आला: तुमचं रक्त चालणार नाही, डॉक्टरांना भेटा. बहुधा जन्मताच आईकडून आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज एक गोळी. गोळी विषाणूला झोपवते; घराबाहेर काढत नाही. नवरा ठणठणीत होता, विनोद करायचा, मापं घेताना गिऱ्हाइकांना हसवायचा. पण एकदा थोरल्या दिरांकडे सगळे जमले असताना जावेने चहा आणला. सगळ्यांना कपबशीतून, आणि त्याला कागदी पेल्यातून. चहातून हा आजार लागत नाही, हे सुगरणीने तोंड उघडून सांगायच्या आत त्याने पेला उचलला आणि म्हणाला, "वा वहिनी, म्हणजे मी पाहुणा झालो! माझा पेला धुवायचे कष्टही नकोत." सगळे हसले. जाऊही हसली. घरी येताना मात्र त्याने वाटेत एकही विनोद केला नाही, आणि त्याचे विनोद थांबले की सुगरणीला आपल्याच पायांचा आवाज ऐकू यायचा.

त्या दिवशी संध्याकाळी तिने त्याला बातमी दिली.

"अहो, तुमच्या विषाणूवर काम निघालंय आमच्याकडे."

तो कापडावर खडूने रेघ मारत होता. "अरे वा. म्हणजे घरीही त्याचंच करायचं आणि कामावरही त्याचंच. ओव्हरटाइम मागून घे."

"चेष्टा नको. मी पेशी वाढवणार, आणि त्यांना तो लावणार."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्याने खडू खाली ठेवला. "बघ हं. जगात सगळे म्हणतात, बरं वाटू दे. माझी बायको म्हणणार, आजारी पडा गं बायांनो."

पण बाया आजारी पडेनात.

अर्धे डॉक्टर विषाणूचा द्रव तयार करायचा, सुगरण पेशींची प्लेट द्यायची. प्लेट म्हणजे छोट्या छोट्या गोल खणांचा पारदर्शक ट्रे. विषाणू घालायचा, पेशींना त्याच्याबरोबर ठेवायचं, मग धुऊन टाकायचं आणि काही दिवस वाट बघायची. शेवटी एक रंग लावायचा, जो विषाणू असेल तिथेच चिकटतो आणि अंधारात हिरवा चमकतो. पहिल्या खेपेला सगळं काळं. दुसऱ्या खेपेलाही काळं. अर्धे डॉक्टर विषाणूला शिव्या देऊ लागला, नवा द्रव बनवू लागला, नवा फसला की त्यालाही शिव्या.

"ताई, पेशी मजेत आहेत ना?" तो दर वेळी विचारायचा.

"एकदम मजेत," सुगरण दर वेळी सांगायची. आणि ते खरं होतं.

आता इथे काढ्याची गोष्ट सांगायला हवी. यकृताच्या या पेशी एरवी नुसत्या वाढत राहतात. लागणीआधी त्यांच्या अन्नात एक उग्र द्रव मिसळायचा आणि त्यात त्यांना बरेच दिवस ठेवायचं, असा नियम त्या पेशींबरोबरच आला होता. प्रयोगशाळेत त्याला सगळे काढा म्हणत. काढा पडला की पेशी आक्रसायच्या. काही तळापासून सुटून पाण्यावर तरंगायला लागायच्या. ते बघून सुगरण काढ्याची बाटली लांब सारायची. इतक्या वर्षांत तिच्या बाटलीत कधी मुडदे तरंगले नव्हते! मग ती तिच्यासारखी बाई जे करेल तेच करायची. काढा निम्मा करायची. एखाद्या दिवशी सुट्टीच द्यायची, साधं गुलाबी पाणी घालायची. दुसऱ्या दिवशी पेशी पुन्हा टवटवीत, हातपाय पसरून बसलेल्या. तिला वाटायचं, वाचवलं. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, असं तिच्या मनातही आलं नाही. लेकराला औषध कडू लागलं की आई साखर घालते, त्याची काय दवंडी पिटायची?

तिसऱ्या खेपेची तयारी चालू असताना मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं.

"वरून निरोप आहे," त्या म्हणाल्या. त्यांना प्रस्तावना जमत नसे. "विषाणूची खोली दुसऱ्या गटाला हवी आहे. या खेपेला लागण झाली नाही, तर यकृताचं काम बंद."

"बंद म्हणजे?" सुगरणीने विचारलं.

"पेशी गोठवून ठेवायच्या. तुझ्या नोकरीची काळजी करू नकोस, कातडीच्या पेशींवाले तुला डोक्यावर घेऊन जातील."

"नोकरीचं कोण बोलतंय, बाई? मग या विषाणूचं कोण बघणार?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "दुसरं कोणीतरी. दुसरीकडे. कधीतरी."

हे 'कधीतरी' घोळवतच सुगरण घरी गेली. घरी तिने सांगितलं नाही. त्यातच पुढची आपत्ती: तिला सर्दी झाली. साधी, नाक गळणारी सर्दी. पण शिंकणाऱ्या माणसाने पेशींच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा तिथला कायदा, आणि मोठ्या बाई कायद्याच्या बाबतीत सख्ख्या आईच्याही नव्हत्या.

"बाई, एकच शिंक आली."

"पेशींना एकच पुरते. घरी जा."

ती घरी गेली नाही. तोंडाला मास्क बांधून बाहेरच्या काचेला नाक लावून उभी राहिली. आत अर्धे डॉक्टर तिच्या प्लेटा काढत होता. ती खुणा करत होती: हळू! तो काचेतून ओठ हलवून विचारत होता: काय? ती दोन बोटं जवळ आणून दाखवत होती: थोडा, थोडा काढा! त्याला वाटलं, ती शाबासकी देतेय. त्याने अंगठा वर केला आणि नियमात लिहिल्याप्रमाणे पुरा काढा घातला. दुसऱ्या दिवशीही पुरा. आणि तिची सर्दी हटेपर्यंत रोज पुरा.

नाक कोरडं झालं त्या सकाळी ती धावतच आत शिरली. पहिली प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली, डोळा लावला आणि किंचाळली.

"मारल्यात! माझ्या लेकी मारल्यात तुम्ही!"

अर्धे डॉक्टर पळत आला, चौकटीला आपटला. "काय झालं?"

"काय झालं म्हणे! हे बघा, नुसता पालापाचोळा तरंगतोय. मी पंधरा दिवस शिंकले काय, तुम्ही स्मशान करून ठेवलंत!"

"ताई, मी नियमाप्रमाणे केलं. थेंबभर इकडे-तिकडे नाही."

"नियम घाला चुलीत," असं म्हणत तिने जुनं पाणी ओढून काढलं, हलक्या हाताने पेशी धुतल्या आणि पुन्हा डोळा लावला.

पालापाचोळा गेला होता. खाली जे राहिलं होतं ते तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. चपट्या पेशींच्या मधोमध गच्च पेशींची बेटं. सहा कोनी, फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटून. आणि दोन पेशींच्या मध्ये लख्ख उजळ रेषा, कुणी आरशाची पट्टी बसवावी तशा.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि 'अर्धे' म्हणायचं राहून गेलं. "हे काय आहे?"

त्याने डोळा लावला. बराच वेळ लावला. "ताई, हे यकृत आहे."

"मग आजवर काय होतं?"

"तेच मी विचारतोय. त्या उजळ रेषा म्हणजे पित्ताच्या नळ्या. पेशी काम करायला लागल्या की दिसतात. तुमच्या प्लेटांत मी त्या कधीच पाहिल्या नाहीत. तुम्ही काढा पुरा घालत होतात ना?"

सुगरण स्टुलावर बसली. हातमोज्यांची बोटं एकेक करून ओढत राहिली.

"निम्मा," ती म्हणाली. "आणि अधूनमधून सुट्टी."

"सुट्टी? काढ्याला सुट्टी?"

"तरंगायला लागायच्या हो. बघवायचं नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारता, पेशी मजेत आहेत ना. होत्या मजेत."

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ती शिव्या ऐकायची तयारी करून बसली होती. पण तो हसायलाच लागला. आधी नाकातून, मग खांदे हलवून.

"मजेत होत्या, म्हणूनच! ताई, हा विषाणू भिंत फोडून आत शिरत नाही. यकृताच्या पेशीला पित्तातले क्षार आत घ्यायला एक दार असतं. तो त्याच दारातून घुसतो. पण वाढण्यात, खेळण्यात रमलेली पेशी ते दार बसवतच नाही. काढा तिला सांगतो, पुरे झालं वाढणं, कामाला लाग. ती कामाला लागली की दार येतं. तुम्ही त्यांना लाडात ठेवलंत. दारच नाही, चोर शिरणार कुठून? आणि मी इकडे चोराला नालायक म्हणतोय!"

"म्हणजे दोन्ही खेपा माझ्यामुळे..."

"माझ्यामुळेही. मी दोन्ही वेळा एकदाही डोळा लावून पाहिलं नाही. सुगरणीच्या पेशी आहेत, काय बघायचं, म्हटलं."

दोघं मिळून मोठ्या बाईंकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"तुझा जीव मऊ आहे, हे मला ठाऊक होतं," त्या सुगरणीला म्हणाल्या. "पेशींवरही मऊ असेल, हे मला सुचायला हवं होतं. करा लागण. आणि निम्म्या खणांत आधी अडसर घाला."

अडसर म्हणजे नवं औषध, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. ते पेशीत शिरत नाही, त्या दारातच बाहेरून जागा अडवून बसतं. अडसर घातलेले खण काळे राहिले आणि बाकीचे उजळले, तरच खरी लागण झाली असं म्हणता येणार होतं. दोन्हीकडे हिरवं दिसलं, तर तो नुसता धुताना मागे राहिलेला विषाणू.

विषाणू घातला. दुसऱ्या दिवशी धुवायची वेळ आली तेव्हा अर्ध्या डॉक्टरने पिपेट तिच्या पुढे केलं. ती एकेक खण धूत गेली, पेशी हलणार नाहीत अशा बेताने, भिंतीला टेकवून थेंब सोडत. पुन्हा धुतलं. पुन्हा. पुढचे दिवस ती रोज पुरा काढा घालत होती आणि काढा घालताना तोंड फिरवत होती.

"बघा तरी इकडे, सांडेल," अर्धे डॉक्टर म्हणायचा.

"हाताला दिसतंय. डोळ्यांना नको दाखवायला."

रंग लावायच्या दिवशी ती दुपारचा डबा न उघडता अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. पडद्यावर चित्र दाखवणारा मायक्रोस्कोप तिथे होता. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या. अर्ध्या डॉक्टरने प्लेट ठेवली, दिवा लावला, स्क्रू फिरवला. काळं. आणखी फिरवला. काळंच.

"झालं," सुगरण पुटपुटली.

"थांबा, फोकस नाही."

आणि मग तो थांबला. पडद्यावर एक हिरवा ठिपका होता. त्याच्या बाजूला दुसरा. त्याने प्लेट सरकवली, आणि एक अख्खं बेट पेटलं. सगळ्या पेशी नव्हेत, पाचातली एखादी. पण अशी पेटलेली की शंका घ्यायला जागा नाही. संध्याकाळी लांबच्या गल्लीत एकेका खिडकीत दिवे लागावेत तशी.

"लागला," अर्धे डॉक्टर म्हणाला.

"अडसराचे खण दाखव," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्याने प्लेट सरकवली. पडदा काळा. सगळे कोपरे पाहिले. पुढचा खण. काळा. त्याच्या पुढचा. पेशी तिथे होत्या, साध्या उजेडात त्यांच्या त्या आरशाच्या रेषा लख्ख दिसत होत्या. फक्त त्यांच्यात कुणी शिरलेलं नव्हतं.

मोठ्या बाई भिंतीपासून पुढे आल्या. त्यांनी सुगरणीच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "खोली आपलीच. आता हेच पुन्हा करून दाखवा. एकदा जमलं त्याला मी जमलं म्हणत नाही."

संध्याकाळी ती जिना चढली नाही. सरळ दुकानात शिरली. नवरा एका कोटाचं अस्तर उसवत होता.

"आजारी पडल्या!" ती म्हणाली.

"कोण? वहिनी?"

"पेशी हो, पेशी!" आणि मग तिने सगळं सांगितलं, काढा, सर्दी, काच, बेटं, खोली जाणार होती तेसुद्धा. खिशातून दोन रंगीत छापील चित्रं काढून कापडाच्या ताग्यांवर ठेवली. अर्ध्या डॉक्टरने मोठ्या बाईंना विचारून छापून दिली होती.

नवऱ्याने हिरवं चित्र उचललं. "म्हणजे माझ्या पोटात असं दिसतं? दिवाबत्ती आहे म्हणायची."

"असंच थोडंफार."

"आणि हे?" दुसरं चित्र नुसतं काळं होतं.

"हे अडसर घातलेलं. तिथे तो शिरूच शकला नाही."

तो ते चित्र उजेडाकडे धरून बघत राहिला. "मला मिळेल हे औषध?"

सुगरणीने खोटं सांगायचं नाही असं जिन्याच्या खाली ठरवलं होतं. "लगेच नाही. आधी पेशी, मग बरीच तपासणी, मग माणसं. वर्षं जातील. आणि जे आत शिरलेत त्यांना हे बाहेर काढत नाही. नव्या पेशींत जाऊ देत नाही, एवढंच."

"एवढंच," तो म्हणाला. मग हिरवं चित्र त्याने तिच्या हातात परत दिलं. "हे तू ठेव. मला काळं दे."

दुसऱ्या दिवशी त्याने ते चौकटीत घातलं आणि दुकानात आरशाच्या बाजूला टांगलं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की विचारायचंच.

"मास्तर, हा कोरा काळा कागद कसला लावलाय?"

"कोरा नाही," तो टेप गळ्यात टाकत म्हणायचा. "नीट बघा. तिथे कुणी नाही. हात वर करा."